गॅस तोच, वास मात्र नाही

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. भूमिगत कोळसा खाणीत कोळशाच्या थरातून झिरपतो तोही मिथेनच. गळती कळावी म्हणून आपल्याकडच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळतात, खाणीत तशी सोय नाही. हवेत मिथेनचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते.

त्यामुळे तो मोजायचा कुठे, याला फार महत्त्व. मिथेन हवेपेक्षा हलका, छताला जाऊन बसतो. मीटर छातीशी धरून घेतलेली नोंद निरुपयोगी. तो छतापर्यंत उंच धरावा लागतो, विशेषतः कोळसा काढून सोडून दिलेल्या भागाच्या, म्हणजे 'गोफ'च्या, तोंडाशी. 1.25 टक्क्यांच्या वर गेलं की तिथली वीज तोडायची, असा नियम. स्फोटाची हद्द 5 ला असताना सव्वालाच काम अडवणं मला तरी अतिरेकी वाटत नाही. वारा न पोचणाऱ्या पुढच्या कोपऱ्यात आकडा वेगळाच असू शकतो. शिवाय वातावरणाचा दाब उतरला की गोफमध्ये साठलेला गॅस बाहेर येतो.

छत मात्र अजून काठीनेही तपासतात. ठोकल्यावर खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर वरचा थर सुटलाय.

हे रोजचं काम खाणीतले मायनिंग सरदार आणि ओव्हरमन, म्हणजे खाणीचेच पर्यवेक्षक, करतात. सरकारी निरीक्षक असतो खाण सुरक्षा महासंचालनालयाचा. मुख्यालय धनबादला, खातं केंद्राचं. (तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत येतो तो राज्याचा, खाणी त्याच्याकडे नाहीत.) 1952 च्या खाण कायद्याने निरीक्षकाला दिवसा-रात्री कधीही खाणीत शिरायचा अधिकार दिला. पण तो येऊन येऊन किती वेळा येणार? म्हणून तो रजिस्टरही चाळतो. गॅस सुटणाऱ्या खाणीत महिनाभर रोज एकच आकडा लिहिलेला दिसला, तर मोजणी खाली झाली की टेबलावर, हे विचारावंच लागतं.

पाण्यासाठी असा मीटरही नाही. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. अशा जुन्या खोदकामापासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम नेता येत नाही. ते अंतर कळतं फक्त नकाशावरून, आणि नकाशा जुना असेल तर तेही नाही.