मोगरी : कार्यशाळेतील प्रकार आणि निवड

ज्या वस्तूवर घाव घालायचा तिला इजा न होता ती हलावी, बसावी, वाकावी किंवा हत्यार पुढे सरकावे, यासाठी वापरायचे मऊ तोंडाचे ठोकण्याचे साधन म्हणजे मोगरी. सुताराची लाकडी मोगरी, पत्राकाम करणाऱ्याची गोल मोगरी, फरशी बसवणाऱ्याचा रबरी हातोडा, फिटरचा नायलॉन किंवा तांब्याच्या तोंडाचा हातोडा आणि मशिनशॉपमधील डेडब्लो (आत छर्रे भरलेला, न उसळणारा हातोडा) ही सगळी एकाच कुळातली. आयटीआयमध्ये आणि कारखान्यांत या सर्वांना सरसकट ‘मॅलेट’ म्हणतात.

पोलादी हातोडी आणि मोगरी यांतला फरक वजनाचा नाही, घाव किती वेळ टिकतो याचा आहे. पोलादावर पोलाद आपटले की स्पर्श अत्यल्प काळ टिकतो आणि सगळा जोर त्या क्षणी एका लहानशा ठिकाणी एकवटतो. तेवढेच वजन त्याच वेगाने लाकडी किंवा रबरी तोंडाने आपटले तर तोंड किंचित दबते, स्पर्श लांबतो आणि कमाल जोर उतरतो. ढकलण्याचे काम जवळपास तेवढेच होते, पण खळगा पडत नाही. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न असा : घाव बसल्यावर दोघांपैकी कोणी झिजायचे? मोगरी ही झिजण्यासाठीच असते. तिचे तोंड कामाच्या वस्तूपेक्षा नेहमी मऊ हवे. स्वस्तातले नायलॉनचे तोंड वाचवण्यासाठी बेअरिंगची कड उडवणारे कारागीर कमी नाहीत.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि दुकानात मोगरी घेताना नेमका तोच विसरला जातो. हलकी मोगरी घेतली की माणूस वेग वाढवून कमतरता भरून काढतो. नेम चुकतो, मनगट दुखते. फार जड घेतली तर हत्यार गरजेपेक्षा खोल रुतते. पटाशीच्या (लाकडात खाच पाडण्याच्या धारदार हत्याराच्या) नेहमीच्या कामाला 400 ते 700 ग्रॅम, चौकटी जुळवायला 250 ते 350 ग्रॅम, कोरीव कामाला 300 ते 600 ग्रॅम आणि पेव्हर ब्लॉक बसवायला एक किलो किंवा जास्त, असा साधारण हिशेब धरावा.

सुतारकाम

लाकडी मुठीच्या पटाशीवर पोलादी हातोडी मारली की मुठीचे डोके फुलते, तंतू सुटतात आणि शेवटी मूठ उभी चिरते. कड्या बसवलेली किंवा चिवट प्लॅस्टिकची मूठ हातोडी सोसते, तरीही खाच पाडायला मोगरीच बरी. कारण तिचे तोंड रुंद असते. हातोडीचे तोंड जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचे. ते मुठीवर नेमके पडावे म्हणून नजर मुठीवर ठेवावी लागते. मोगरीच्या रुंद तोंडामुळे नजर पटाशीच्या धारेवर ठेवता येते, आणि खाच सरळ जाते की तिरकी हे तिथेच ठरते.

कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि खाचेच्या जोडात खाचेची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. 36 मिलिमीटर जाडीच्या चौकटीला 12 मिलिमीटरची पटाशी. सुरुवात टोकाच्या रेषेवर नव्हे, तर तिच्या दोन-तीन मिलिमीटर आत करावी, म्हणजे पुढे ढिले लाकूड उचकटताना पटाशी खाचेच्या काठावर टेकली तरी अंतिम कड दबत नाही. पाच-सहा मिलिमीटर अंतराने उभे घाव घालत जावे. 600 ग्रॅमच्या मोगरीचे दोन-तीन घाव एका जागी पुरे होतात. त्यानंतरही पटाशी उतरत नसेल तर जोर वाढवू नये; धार लावावी. आरपार खाच दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी पाडतात, नाहीतर पलीकडच्या बाजूला लाकडाचा तुकडा उडतो. जड मोगरीने पटाशी खोल ठोकून मग तिने उचकटायला गेल्यास धारेचा कोपरा मोडतो. दोष मग पोलादाला दिला जातो.

कोरीव कामाची मोगरी गोल असते. नक्षी काढताना हत्याराची दिशा सतत बदलते आणि गोल डोके कोणत्याही बाजूने मारता येते, हातात फिरवून तोंड जुळवावे लागत नाही. शिवाय ती फिरत राहिल्याने चहूबाजूंनी सारखी झिजते. तिचा दांडा आखूड असतो, कारण घाव मनगटातून येतो.

लाकूड कोणते आणि ठोकळा कसा

महाराष्ट्रात मोगरीला बाभूळ आणि चिंच ही लाकडे सर्वांत सोयीची. बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे 800 किलो भरते. चिंचेची रेषा, म्हणजे तंतूंची ठेवण, एकमेकींत गुंतलेली असल्याने ती सहज फाटत नाही. शिसवही चांगले, पण महाग. अंजन त्याहून कितीतरी जड. लहान मोगरीला उत्तम, मोठीला नको. साग कितीही उपलब्ध असला तरी मोगरीसाठी घेऊ नये. तो हलका आहे, सरळ रेषेत फाटतो आणि तोंड लवकर दबते.

140 × 90 × 65 मिलिमीटरचा बाभळीचा ठोकळा घेतला तर दांड्याची खाच पाडून सुमारे 600 ग्रॅम वजन उरते. तोच सागाचा असेल तर 500 ग्रॅमच्या आत. ठोकळ्यात ओंडक्याचा गाभा येऊ देऊ नये, तिथूनच तडे सुरू होतात. घाव टोकाच्या कापावर, म्हणजे तंतूंच्या टोकांवर बसेल अशी रेषा डोक्याच्या लांबीत धरावी. बाजूच्या रेषेवर बसणारे घाव तोंडाच्या चिपा काढतात.

दोन्ही तोंडे दांड्याकडे किंचित निमुळती हवीत. हात कोपरापासून फिरतो, म्हणून तोंडाची रेषा पुढे वाढवल्यास कोपराच्या आसपास पोचावी. हा उतार साधारण 4 ते 6 अंश भरतो. तोंडे काटकोनात ठेवली तर घाव नेहमी एका कडेवर पडतो आणि पटाशी पुढे किंवा मागे झुकते.

दांडा वरून खाली घालायचा असतो. खाच वरच्या बाजूला खालच्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर रुंद आणि दांड्याचे वरचे टोक तेवढेच जाड ठेवले की पाचरेची गरज नाही. प्रत्येक फेकीला डोके वरच्या जाड भागाकडे सरकून आणखी घट्ट बसते. 300 मिलिमीटर दांडा पुरतो. त्याला पॉलिश किंवा व्हार्निश लावू नये, घामाने हात घसरतो. जवसाचे तेल दोन हात पुसले की झाले.

कोकणातल्या पावसाळ्यात दांडा फुगून घट्ट होतो आणि मे महिन्यात डोके खुळखुळते. तेव्हा मोगरी पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सर्रास करतात, आणि तो चुकीचा आहे. फुगलेल्या लाकडाचे तंतू खाचेच्या भिंतीवर दाबून चुरतात, आणि वाळल्यावर डोके पूर्वीपेक्षा ढिले होते. निमुळता दांडा असेल तर तो वरून ठोकून पुन्हा बसवावा. सरळ असेल तर नवी पाचर मारावी.

पत्राकाम

पत्र्यावर पोलादी हातोडीचा प्रत्येक घाव तेवढ्या जागी धातू पातळ करून बाजूला पसरवतो. पसरलेल्या धातूला जागा हवी असते. ती मिळाली नाही की पत्र्याला पोट येते, कड लाटांसारखी होते, आणि ते सरळ करायला आणखी ठोकले की आणखी पसरते. लाकडी मोगरीच्या 60 ते 75 मिलिमीटर व्यासाच्या सपाट तोंडाने पत्रा वाकतो, ताणला जात नाही. तिचा सारा उपयोग एवढ्यातच आहे.

24 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.6 मिलिमीटर जाडीच्या जस्ती पत्र्याची कड वळवताना रेषा मारून पत्रा दोन अँगलमध्ये आवळावा. आधी दोन्ही टोके थोडी वाकवून घ्यावीत, मग एका टोकाकडून दुसऱ्याकडे सलग हलके घाव घालत पूर्ण कड 20-30 अंश वाकवावी, आणि अशा तीन-चार फेऱ्यांत काटकोन गाठावा. एकाच जागी सरळ 90 अंशांपर्यंत वाकवले तर शेजारचा पत्रा चुण्या घेतो. बादली किंवा पिंपाच्या तारेच्या कडेसाठी तारेच्या व्यासाच्या अडीच पट पत्रा जास्त सोडतात. 3 मिलिमीटर तारेला साडेसात. कड तारेवर मोगरीने गुंडाळून शेवटचा दाब तेवढा सेटिंग हातोडीच्या चोच असलेल्या बाजूने देतात.

वाटीसारखा खोलगट आकार काढायला नासपतीच्या आकाराची मोगरी आणि वाळूची चामडी पिशवी लागते. घाव कडेकडून मध्याकडे घ्यावेत. मध्यापासून सुरुवात केल्यास तळ पातळ होतो आणि तिथेच फाटतो.

स्टेनलेस स्टीलसाठी वेगळी मोगरी राखून ठेवावी. साध्या लोखंडावर वापरलेल्या लाकडी तोंडात लोखंडाचे बारीक कण रुतून बसतात, ते स्टेनलेसवर घासले जातात आणि काही दिवसांनी त्या जागी गंजाचे ठिपके उठतात. ग्राहकाला वाटते माल बनावट आहे. नायलॉनचे तोंड आणि त्यावर मार्करने ‘एसएस’ एवढे पुरे.

पुण्यातील कसबा पेठेच्या तांबट आळीतले मठारकाम हा या सगळ्याचा अपवाद. तिथे ठोक्यांचे ठसे हीच नक्षी असते, आणि ठोक्यांनी तांबे कठीण व्हावे हाही हेतू असतो. त्यासाठी चकचकीत तोंडाची पोलादी हातोडीच लागते.

मशिनशॉप आणि फिटिंग

मिलिंगच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, पॅरललवर, म्हणजे खाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर, टेकवून जबडे आवळले की हलता जबडा जॉबला किंचित वर उचलतो. तो खाली बसवायला साधा रबरी हातोडा निरुपयोगी. तो उसळतो, आणि जॉबही उसळतो. इथे डेडब्लो हवा. त्याचे डोके पोकळ असून आत पोलादी छर्रे अर्धवट भरलेले असतात. डोके आदळल्यानंतर क्षणभराने छर्रे पुढे येऊन आदळतात आणि उसळी तिथेच मरते.

क्रम असा : व्हाइस आणि पॅरलल पुसून चिपा काढाव्यात, जॉब ठेवून पूर्ण आवळावा, मग डेडब्लोने मध्यावर एक-दोन ठोस घाव द्यावेत आणि दोन्ही पॅरलल बोटाने हलवून पाहावेत. हलत नसतील तर जॉब बसला. यानंतर व्हाइस ‘आणखी थोडा’ आवळू नये, जॉब पुन्हा उचलला जातो. एक पॅरलल हलत असेल तर बहुधा खाली चिप अडकलेली असते. ठोकत राहून ती जॉबमध्ये रुतवण्यापेक्षा सोडून पुसणे लवकर होते.

बेअरिंगवर कोणत्याही मोगरीने थेट घाव घालू नये, नायलॉनच्या सुद्धा. शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर आणि घरात (हाउसिंगमध्ये) बसवताना बाहेरच्या रिंगवर टेकणारी नळी घ्यावी आणि त्या नळीवर मोगरी मारावी. चुकीच्या रिंगवरून जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि रुळावर (गोळ्या फिरतात त्या खोबणीवर) गोळ्यांच्या अंतराने खळगे पडतात. बेअरिंग त्याच दिवशी गुरगुरू लागते. लाकडी मोगरीचा इथे आणखी एक तोटा : उडालेली कुसळे ग्रीसमध्ये जातात.

कठीण केलेल्या पिना, शाफ्ट आणि डाय यांसाठी तांबे किंवा पितळेचे तोंड योग्य. ते जड असते, दबते आणि पोलादासारखी ठिणगी पाडत नाही, म्हणून ज्वालाग्राही द्रव्यांजवळही उपयोगी. मात्र मऊ ॲल्युमिनियमवर तांबेही खूण करते. तिथे नायलॉन, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर कच्च्या चामड्याचे तोंड. सोनार अंगठी दांडीवर गोल करताना चामड्याचीच मोगरी घेतात, कारण कडीची जाडी बदलत नाही.

बदलत्या तोंडांचे हातोडे तोंडाच्या व्यासाने विकले जातात. 25 ते 60 मिलिमीटरपर्यंत मिळतात. सर्वसाधारण फिटिंगला 35 किंवा 40 चा पुरतो.

फरशी

इथे थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच : काळे रबर फिक्या टाइलवर डाग सोडते, म्हणून पांढरे घ्यावे. घाव मध्यापासून कडेकडे, हलके आणि पुष्कळ. पोकळ आवाज येणारी टाइल जोरात ठोकून भरत नाही. ती उचलून मसाला पुन्हा पसरावा लागतो.

मोगरी कधी टाकावी

लाकडी मोगरीने खिळे ठोकले की तोंडावर खड्डे पडतात आणि पुढे प्रत्येक कामावर त्यांचे ठसे उमटतात. असे तोंड दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा सपाट करता येते, वजन फारसे घटत नाही. उभा तडा दांड्याच्या खाचेपर्यंत पोचला असेल तर मात्र तारेने बांधून वापरू नये. नायलॉनच्या तोंडाला बारीक चिरा दिसू लागल्या की ते बदलावे, कारण पुढच्या जोरकस घावाला त्याचा तुकडा डोळ्याकडे उडतो; सुरक्षा चष्मा हातोडीच्या कामाइतकाच इथेही लागतो. रबर तेलाने फुगते आणि उन्हाने कडक होऊन भेगाळते, म्हणून ग्रीस लागलेल्या भागांवर पॉलियुरेथेन बरे, पण तेही तापलेल्या जॉबवर नाही. डेडब्लोमधून छर्रे गळू लागले तर तो चिकटवून दुरुस्त होत नाही. गळणारा छर्रा लेथच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) किंवा सरकत्या स्लाइडवर गेला तर नुकसान नव्या डेडब्लोच्या किमतीच्या कितीतरी पट असते.