‘मराठीत लिहून द्या ना!’ : घानातली च्वी भाषा शिकायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

घानाला निघालेल्या मंडळींचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच वळणाचा असतो. “ताई, व्हिसा आलाय, महिन्याभरात टेमाला रुजू व्हायचंय. कामापुरते दोनशे शब्द देवनागरीत लिहून पाठवा, मी विमानात पाठ करतो.” आम्ही नाही म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं की पैसे घेऊन ही माणसं साधी यादी द्यायला कुरकुर करताहेत. तसं नाही. का नाही, ते एकदा सविस्तर सांगावं म्हणून हे पत्रक.

घानात कचेरीचं काम इंग्रजीतच चालतं. राजधानी अक्राची मूळ भाषा ‘गा’ नावाची. पण बाजारात, गाडीत, कारखान्याच्या फाटकावर आणि कुमासी शहराकडे गेलात तर सगळीकडेच कानावर पडते ती च्वी. ती शिकायचं ठरवलंत ते उत्तमच. अडचण असते ती सुरुवात कुठून करायची याची.

नावापासूनच बघा. रोमन लिपीत या भाषेचं नाव टी, डब्ल्यू, आय असं लिहितात. आपण ते इंग्रजीच्या सवयीने ‘ट्वी’ वाचतो. खरा उच्चार ‘च्वी’च्या जवळचा आहे. शीळ घालताना ओठांचा चंबू होतो ना, तसा करा आणि तो न सोडता ‘ची’ म्हणा. झालं. टी-डब्ल्यू ही दोन अक्षरं मिळून तिथे एकच व्यंजन होतं, टी वेगळी उच्चारायची नसते. डी-डब्ल्यूचंही तसंच, फक्त तिथे ज. सोमवारी जन्मलेल्या मुलाचं नाव रोमनमध्ये ‘क्वाडवो’ वाटेल असं लिहितात, उच्चार मात्र ‘क्वाज्वो’सारखा, म्हणूनच तेच नाव कुणी ‘कोजो’ असंही लिहितं. के-वाय म्हणजे च, जी-वाय म्हणजे ज, एच-वाय म्हणजे श. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी हुकलेला असामोआ ज्यान आठवतो? आपल्याकडे त्याला सर्रास ‘ग्यान’ म्हणत. हे चार-पाच नियम आम्ही पहिल्या दिवशी सांगतो आणि ते सगळ्यांना जमतात.

मग देवनागरी का नको? ‘च लिहा, विषय संपला’ असं वाटतं खरं. पण आपला च एक नाही. ‘चार’ म्हणा आणि ‘चाक’ म्हणा. अक्षर तेच, जीभ दोन वेगळ्या ठिकाणी लागते. सकाळच्या नमस्काराला तिथे ‘माऽचे’ म्हणतात, त्यातला च ‘चार’मधला. वहीत ‘माचे’ लिहिलं की निम्मे लोक ‘चाक’मधला च लावून ‘माझे’च्या चालीवर वाचतात, आणि पुढे महिनाभर तोच तोंडात बसतो. वडीलधाऱ्या पुरुषाने नमस्कार केला तर उत्तरात ‘याऽ अजा’ म्हणायचं. अजा म्हणजे वडील. आपल्या आजाची आठवण येते म्हणून हा शब्द सगळ्यांचा लाडका होतो, आणि सगळे तो आपल्या आजासारखाच म्हणतात. पण तिथला ज ‘जीभ’मधला आहे, ‘जाड’मधला नव्हे.

तरी हे सुधारता येतं. खरा वेळ जातो तो सुरावर.

च्वीमध्ये शब्दाच्या प्रत्येक अवयवाला (म्हणजे ‘पा-पा’तल्या एकेका ‘पा’सारख्या तुकड्याला) उंच किंवा खालचा सूर असतो, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘पापा’ घ्या. दोन्ही अवयव उंच म्हटले तर ‘चांगला’. पहिला खाली आणि दुसरा उंच म्हटला तर ‘वडील’. दोन्ही खाली म्हटले तर ‘पंखा’. रोमनमध्ये तिन्ही एकसारखेच लिहितात, देवनागरीतही एकसारखेच होतील. मराठीतही आपण सूर वापरतो, पण तो भाव दाखवायला. ‘आलास.’ आणि ‘आलास?’ यात शब्द तोच राहतो. म्हणून आपला कान सुराला ‘राग आला असेल’, ‘प्रश्न विचारला असेल’ म्हणून बाजूला टाकायला शिकलेला असतो. वेदपठणातले उदात्त-अनुदात्त ज्यांनी लहानपणी घोकलेत, त्यांना ही गोष्ट लगेच उमगते असा आमचा अनुभव आहे.

एक घडलेली गोष्ट सांगते, त्या गृहस्थांच्या परवानगीने, नाव न घेता. ते टेमाला भांडार सांभाळत. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी स्वतःच छान वही केली होती, तीन रंगांची शाई, खालीवर रेघा. त्यात लिहिलं होतं: ‘कॉ म्हणजे जाणे, नकार करायला आधी न.’ मराठी माणसाला हे किती सोयीचं! एका संध्याकाळी चालक कोफीचा कुमासीला जाणारा ट्रक अर्धाच भरला होता. त्यांनी फाटकावरच्या माणसाला ठासून सांगितलं, “कोफी न्कॉ!” म्हणजे कोफी जाणार नाही. फाटक उघडलं आणि ट्रक सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या कुमासीला अर्ध्या मालासकट निघाला.

काय चुकलं? नकाराचा तो ‘न्’ खालच्या सुरात असतो. तोच ‘न्’ उंच गेला की अर्थ होतो ‘कोफीला जाऊ दे’. आणि मराठीत आपण नकारावर जोर देतो. “नाऽही जायचं!” म्हणताना आवाज आपोआप वर चढतो. म्हणजे जितकं ठासून नाही म्हणावं, तितकं ते ‘जाऊ दे’ होत जातं. वहीत यातलं काहीच दिसत नव्हतं. अक्षरं सगळी बरोबर होती. आमच्याकडे आल्यावर त्यांचा तो एक ‘न्’ खाली उतरवायला चार तास लागले, तेही रोज संध्याकाळी सराव करून. नव्याने शिकणाऱ्याला तेच अर्ध्या तासात येतं.

प्रश्न विचारतानाही हाच घोळ होतो. शेवट वर नेला की प्रश्न झाला, हा आपला हिशोब तिथे चालत नाही. वाक्याच्या शेवटी ‘अनाऽ’ लावतात आणि शब्दांचे सूर जागच्या जागी ठेवतात.

कुणी विचारतं, “मग ती माणसं सुराच्या खुणा न करता कशी लिहितात?” आपण चार आणि चाक लिहितो तशीच. भाषा ज्याच्या कानात आहे त्याला खूण लागत नाही. बाहेरून आलेल्याला लागते. बाझेल मिशनचे ख्रिस्ती धर्मप्रचारक योहान गॉटलीब क्रिस्टालर यांनी १८७५ साली च्वीचं व्याकरण आणि १८८१ साली शब्दकोश काढला तेव्हा सुरांची नोंद केली, कारण ते बाहेरून शिकले होते. आणि सूर किती महत्त्वाचा, याची साक्ष अतुम्पान ढोल देतात. आपल्या संबळासारखी दोनाची जोडी, एक खालच्या सुराचा नर आणि एक उंच सुराची मादी. त्यावर दरबारात नुसत्या सुरांनी वाक्यं वाजवतात आणि जाणकाराला ती कळतात. तिथे व्यंजन एकही नसतं.

स्वरांबद्दल थोडक्यात. लिहायला सात चिन्हं, उच्चारात किमान नऊ स्वर. त्यात दोन चिन्हं आपल्याला नवी: एक उलट्या इंग्रजी तीनसारखं, ते ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या मधलं; दुसरं उलट्या इंग्रजी सीसारखं, ते ‘डॉक्टर’मधल्या ‘ऑ’जवळचं. फोनवर घानाची मंडळी यांच्या जागी बिनदिक्कत आकडा तीन आणि बंद कंस टाकतात. तसा संदेश आला तर फोन बिघडला असं समजू नका. हे स्वर एकमेकांना सांभाळून घेतात. ‘मूल’ म्हणजे ‘ऑबा’, पण ‘कुणीतरी’ म्हणजे ‘ओबी’. मुळातला स्वर कोणता, त्यावर आधीचा स्वर ठरतो. हे नियमाने शिकायला जाल तर डोकं दुखेल, ऐकून आपसूक बसतं.

अनुनासिकाचंही लक्षात ठेवा: साधं ‘का’ म्हणजे चावणे, नाकातलं ‘का’ म्हणजे बोलणे. गोव्याची आणि मालवणची मंडळी हे पहिल्या फटक्यात पकडतात. घाटावरच्यांना आठवडा लागतो, हरकत नाही. आणि ‘न्सू’, म्हणजे पाणी, याच्या आधी ‘ए’ लावू नका. हुंकार देतो तसा ‘न्’ एका मात्रेचा स्वतंत्र म्हणा, मग ‘सू’. ट आणि ड तर विसराच, त आणि द पुरेत.

आता आमची पद्धत. पहिले सहा तास कागद नाही. कुमासीचे आमचे शिक्षक, ज्यांची मातृभाषा असांते च्वी (च्वीची कुमासीकडची बोली) आहे, समोर बोलतात. तुम्ही आधी नुसते गुणगुणता, ‘खाली-उंच, उंच-उंच’, शब्दाशिवाय. काहींना हे बालवाडीसारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा यादी मागतात. आम्ही तेव्हाही देत नाही. सातव्या तासाला रोमनमधलं पुस्तक आणि प्रत्येक शब्दाची ध्वनिफीत मिळते, आणि तोवर कानाला सूर ओळखता येऊ लागलेला असतो.

या पत्रकात आम्हीच देवनागरी वापरली आहे, कारण समजावून सांगायला दुसरा मार्ग नव्हता. यावरून पाठ मात्र करू नका. इथल्या प्रत्येक उदाहरणाची ध्वनिफीत आमच्या क्रमांकावर ‘पापा’ एवढा संदेश टाकलात की विनामूल्य मिळेल.

ज्यांनी आधीच वही केली आहे त्यांनी संकोच करू नये, पण नाव नोंदवतानाच सांगा. तुमच्यासाठी तीन तास जास्त धरतो आणि त्यांचे पैसे घेत नाही. घानाहून सुट्टीवर आलेल्यांसाठी डिसेंबरात उजळणीचा छोटा वर्ग असतो. कंपनीची चार किंवा जास्त माणसं एकत्र जात असतील तर शिक्षक खास त्यांच्या कामाची वाक्यं घेतात, भांडार, फाटक, कामाची पाळी, जे लागेल ते. निघायच्या किमान पाच आठवडे आधी या. आठ दिवसांवर विमान असेल तर आम्ही फक्त नमस्कार, आभार आणि नकार शिकवतो, आणि तेवढेच पैसे घेतो.

पहिल्या तासाला इअरफोन आणा. शांत खोलीत बसा. वही घरीच राहू द्या.