सोयाबीन मरतं, तूर पुन्हा फुटते

२०२२ च्या जुलैत लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. अशाच रानात तुरीचं रोप कुरतडलं गेलं तरी ते पुन्हा फुटू शकतं. हा फरक बी उगवण्याच्या रीतीतला आहे.

सोयाबीनचं बी रुजलं की खालची दांडी लांबते आणि दोन्ही डाळिंब्या मातीबाहेर उचलून आणते. शेंड्याचा डोळा आणि डाळिंब्यांच्या बगलेतले डोळे, सगळेच जमिनीच्या वर येतात. गोगलगायीनं डाळिंब्यांखाली दांडी कापली की मागे उरतं नुसतं मूळ. त्याला फुटवा येणार कुठून? तुरीच्या डाळिंब्या मात्र मातीतच राहतात, वर येतो फक्त कोंब. तो खाल्ला तरी मातीखाली डोळेही शाबूत असतात आणि डाळिंब्यांतली शिदोरीही. हरभऱ्याचंही असंच.

आता खाणारीकडे पाहू. गोगलगाय काचेच्या बरणीत ठेवून पलीकडून बघा. तोंड उघडतं, एक पट्टी पुढं येते, काच खरवडते आणि आत जाते. या पट्टीवर हजारो बारीक दात असतात. किसणीसारखं काम चालतं, फक्त ही किसणी बोथट होत नाही: पुढचे दात झिजून पडतात, मागून नवे येत राहतात. शंखाच्या कडेखाली उजव्या अंगाला एक भोक उघडझाप करताना दिसेल. ती तिची श्वास घ्यायची वाट.

तिची खरी अडचण पाण्याची. चालताना ती चिकट द्रव सोडते आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. म्हणून ती रात्री नाहीतर पावसात बाहेर पडते. उन्हाळ्यात धुऱ्याच्या दगडांखाली शंखाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून महिनोन्महिने पडून राहते. शंखाला चुना लागतो, आणि आपल्या काळ्या रानात चुनखडीला काय तोटा!

ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून कोलकात्यात आणली, आणि तिथून ती देशभर पसरली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात, एका वेळी शंभराहून जास्त. मिळालेलं वीर्य ती कित्येक महिने साठवते, म्हणून रानात एकटी उरलेलीही धोक्याचीच.

त्यामुळे वेचणी अंडी पडण्याआधी, पहिल्या पावसातच व्हायला हवी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी धुऱ्यालगत टाकावीत आणि उजाडताच त्यांखालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. हातमोजे घालूनच, कारण माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा एक कृमी त्यांच्या अंगात असू शकतो. धुऱ्याच्या ओल्या मातीत ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, पांढुरकी अंडी पुंजक्यानं सापडली तर तीही चिरडावीत.