डोनटचं भोक आणि कडेचा पांढरा पट्टा

सतराव्या शतकात डच वसाहतकऱ्यांनी अमेरिकेत 'ओलीकूक' नेले, तेच डोनटचे पूर्वज. नावाचा अर्थ सरळ आहे: तेलातला केक. गोड आंबवलेल्या पिठाचे हे गोळे चरबीत तळायचे. अडचण एकच, बाहेरून करपेपर्यंत आत कच्चंच. अमेरिकेतल्या मेन राज्यातला खलाशी हॅन्सन ग्रेगरी याचा दावा असा, की १८४७ मध्ये आपण जहाजावरच्या मिरपुडीच्या डब्याने पिठाचा मधला भाग कापून काढला. दावा खरा असो वा नसो, युक्ती पक्की आहे. भोक पाडलं की आच आतूनही लागते आणि कच्चा राहणारा भागच उरत नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेविका फ्रान्समध्ये सैनिकांना डोनट तळून देत. १९२० मध्ये अ‍ॅडॉल्फ लेविट यांनी न्यू यॉर्कमध्ये डोनटचं यंत्र आणलं. पुढे साखळी दुकानं आली, तरी कॅलिफोर्नियात छोटी दुकानं टिकली. १९७५ पासून आलेल्या कंबोडियन निर्वासितांनी ती चालवायला घेतली, टेड न्गॉय यांच्यापासून सुरुवात होऊन. नवरा रात्री तळायला, बायको गल्ल्यावर, मुलं खोकी भरायला. पगारी माणूस ठेवावा लागत नसे, हे त्यातलं खरं गणित.

अशा घरगुती बेकरीत डोनट खायचा तर सकाळीच. यीस्टचा डोनट काही तासांतच चिवट होऊ लागतो. आधी कड पाहावी. मध्यावर फिकट पांढरा पट्टा असेल तर पीठ नीट फुगलेलं होतं. हलका डोनट तेलावर अर्धा वर तरंगतो, म्हणून दोन्ही बाजू तळल्या तरी मधली रेघ कोरी राहते. पट्टा नसेल तर पीठ कमी फुगलं, आत गच्च लागणार. जास्त फुगलेला कढईतून काढल्यावर बसतो, सुरकुततो.

तेल १८० ते १९० अंश सेल्सिअस, प्रत्येक बाजूला साधारण एक मिनिट. गर्दीच्या वेळी घाईत एकदम जास्त डोनट सोडले की तेल थंड पडतं आणि मग ते पुरीसारखं तेल पितात. कागदावर ठेवून पाहा, डाग पसरतो. साखरेचा थर गरम डोनटवरच द्यायचा, म्हणजे तो पातळ, पारदर्शक बसतो. गार झाल्यावर दिला तर जाड पांढरा थर होऊन पापुद्रे सुटतात.