ई२० चालतं म्हणजे गाडी फ्लेक्स झाली नाही

मागच्या रविवारी कुर्ल्याला एक सेकंडहँड बाइक बघायला गेलो. विकणाऱ्याने टाकीवरच्या ई२०च्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "फ्लेक्स फ्युएल आहे साहेब. पेट्रोल टाका, इथेनॉल टाका, काहीही चालतं." हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्या तोंडून ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ई२० काय ते तुम्हाला माहीत आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नाक्यावरच्या पंपावर आज तेच मिळतं. इथेनॉल वाढलं की अ‍ॅव्हरेज घटतं, कारण एका लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. टाकीत पाणी गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, तेव्हा पावसाळाभर बिल्डिंगखाली उभी राहिलेली गाडी घेताना टाकी रिकामी करून घ्या. हे सगळं ई२० आणि फ्लेक्स, दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखंच लागू.

घोळ होतो तो पुढे. ई२०ची गाडी इथेनॉल सोसते, फ्लेक्सची गाडी इथेनॉल ओळखते.

सोसते म्हणजे तिचे रबरी पाइप, गॅस्केट, पंप २० टक्क्यांना टिकतील असे बनवलेत आणि इंजिनचा हिशेबही त्याच्याच आसपास लावलाय. आता त्यात ई८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉलचं इंधन, ओता. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. म्हणजे सिलिंडरमध्ये येणाऱ्या तेवढ्याच हवेला इंधन बरंच जास्त पुरवावं लागतं, ई२०च्या सुमारे एक तृतीयांश जादा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, थोडंफार सावरून घेतो, पण त्या सावरण्याला मर्यादा असते आणि इंधन फवारणारे इंजेक्टरही तेवढ्या मापाचे नसतात. मग मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, गाडी झटके देते, सकाळी स्टार्ट होईनाशी होते, चेक इंजिनचा दिवा लागतो. मेकॅनिक प्लग बदलून पैसे घेतो. दुखणं तिथेच.

फ्लेक्स गाडीत इंजेक्टर मोठे असतात, आणि टाकीत इथेनॉल किती आहे हे सेन्सरने किंवा एक्झॉस्टवरून ताडून ईसीयू इंधन आणि स्पार्कची वेळ दोन्ही बदलतो. ब्राझीलमध्ये हे २००३पासून चाललंय. आपल्याकडे होंडाची सीबी३००एफ फ्लेक्स ऑक्टोबर २०२४मध्ये आली. तिचीही मर्यादा ई८५. 'इथेनॉल १००' नावाचं इंधन मार्च २०२४मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आलं, त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल असतं. म्हणजे 'काहीही टाका' हे खऱ्या फ्लेक्स बाइकलाही लागू नाही! मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. साध्या गाडीला फ्लेक्स करून देतो म्हणणारी बाजारातली 'फ्लेक्स किट' माझ्यासमोर आणूही नका.

आणि फ्लेक्स म्हणून वर पैसे मागितले तर मी एक रुपया देणार नाही. दादर-अंधेरी करणाऱ्याच्या टाकीत शेवटी नाक्यावरचं ई२०च पडणार, मग त्या मोठ्या इंजेक्टरचं करायचं काय?

ई२०चा दावा मात्र तपासा, आणि तो स्टिकरवर नाही, आरसीवर. रजिस्ट्रेशनची तारीख सोडा, उत्पादनाचा महिना बघा. साध्या हिशेबाने एप्रिल २०२३ नंतरची असेल तर पाइप-गॅस्केटची चिंता कमी; आधीची असेल तर कंपनीला मॉडेल सांगून विचारा आणि इंधनाचे पाइप बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

कुर्ल्याच्या त्या बाइकची आरसी मागितली. उत्पादन २०१९. स्टिकरचे कोपरे अजून नखाने उचलत होते.