ट्रिमचं बटण म्हणजे ऑटोपायलट नव्हे

ट्रिम, म्हणजे दांडी आणि पेडल हव्या त्या जागी टिकवणारी सोय. तिचं बटण दाबलं की हेलिकॉप्टर आपोआप स्थिर राहतं, हा समज घरी सिम्युलेटर उडवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी नवशिके हेलिकॉप्टरचा नाद सोडतात याचं वाईट वाटतं.

खऱ्या ह्यूईत (यूएच-१एच या अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरमध्ये) फोर्स ट्रिम फक्त सायक्लिक (हेलिकॉप्टर हव्या त्या दिशेला झुकवणारी दांडी) आणि नाक वळवणारी पेडल आहेत तिथे धरून ठेवतं. बटण दाबलं की चुंबकीय ब्रेक सुटतो, सोडलं की नव्या जागी स्प्रिंगचा ताण बसतो. हेलिकॉप्टर कुठे चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. वेग बदलला की हात पुन्हा चालवावाच लागतो.

घरच्या जॉयस्टिकची अडचण वेगळीच. तिची स्प्रिंग कायम मध्याकडे ओढते. म्हणून डीसीएस या सिम्युलेटरमध्ये बटण सोडताच दांडी पटकन मध्यावर आणायची असते; तशीच पुढे रेटून धरलीत तर आधीच्या ट्रिमवर तिची भर पडते आणि नाक धाडकन खाली जातं. लोक इथेच मॉड्यूलला (सिममधल्या त्या हेलिकॉप्टरला) नावं ठेवतात!

त्यापेक्षा मॉड्यूलच्या स्पेशल ऑप्शन्समध्ये ‘सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड’ असेल तर तो निवडा. मग दांडी मध्यावर परतेपर्यंत सिम तिचं ऐकतच नाही. पेडलना स्प्रिंग नसेल तर पेडलचं ट्रिम मात्र बंद ठेवा.