विहिरीवरची यारी आणि रोजगार हमीतला जुना पेच

रोजगार हमीतून मिळणाऱ्या सिंचन विहिरीच्या अनुदानाचा विषय निघाला की यंत्र लावलेले चालेल का, हा प्रश्न येतोच. हे यंत्र बहुतेक वेळा यारी असते, म्हणजे खोदलेला दगड-मुरूम दोराने विहिरीबाहेर उचलणारे यंत्र. खोदणाऱ्यांना तिच्याविषयी काही नवे सांगायला नको, पण नियमांच्या कागदांवर ती अजून नीट उतरलेली नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. पाणी ओढायला मोट, नाडा-सौंदर (मोटेचे दोर), धाव (बैलांची उतरती वाट) आणि बैल अशी पुरती व्यवस्था होती. विहीर खोदताना निघणारा दगड-मुरूम मात्र माणसांच्या डोक्यावरूनच वर यायचा. 20 फूट व्यासाची आणि 40 फूट खोल विहीर म्हणजे साडेबारा हजार घनफूट, साधारण 125 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) खोदाई. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा एक घनमीटर पावणेतीन टनांच्या वर भरतो. वरचे चौदा-पंधरा फूट माती-मुरमाचे धरले, तरी एका विहिरीतून साडेआठशे टनांच्या आसपास माल निघतो. पंचवीस किलोची पाटी धरली तर तीस हजारांहून जास्त पाट्या होतात, आणि त्यातल्या बहुतेक बायकांच्या डोक्यावर असत. पुढे हाताने फिरवायची यारी आली. रुळावर दोर गुंडाळायचा आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडा फिरवायचा. चढ-उतार वाचला, पण खोली वाढली की फिरवणाऱ्यांचे खांदे जात.

खरा फरक इंजिनाने पडला. पुण्याजवळ खडकीत 1946 साली डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला आणि पुढच्या काही दशकांत पाच-दहा अश्वशक्तीची इंजिने खेडोपाडी ओळखीची झाली. 1972 च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पाडल्या आणि आहे ती विहीर खोल न्यायची, नसेल तर नवी पाडायची, अशी निकड उभी राहिली. डिझेल यारीचे दिवस तिथून आले, असे मला वाटते. तिला मोठ्या कारखान्याची गरजच नव्हती. लोखंडी पाइप, कप्पी, ड्रम, क्लच, ब्रेक आणि जुने इंजिन एवढे जमले की वेल्डिंगचा दुकानदार यारी उभी करून देई. बैलगाडीमागे किंवा ट्रॅक्टरमागे बांधून ती पुढच्या शिवारात नेता येई.

तिचे काम जवळून पाहिले तर कौशल्य कुठे लागते ते कळते. सुरुंग उडाल्यावर खालची माणसे दगड फोडून लोखंडी डबा भरतात, हूक अडकवतात आणि कडेला सरकून वर हाक देतात. वरचा चालक क्लच दाबतो, तारेचा दोर ताणला जातो, डबा हेलकावत वर येतो. काठाच्या वर आला की आडवा दांडा फिरवून तो ढिगावर ओतायचा. तोल राहावा म्हणून मागच्या बाजूला दगडांचा भार ठेवलेला असतो. चालकाला तळ नेहमी दिसतोच असे नाही. तो हाकेवर आणि इंजिनाच्या आवाजावर चालतो. डबा काठोकाठ भरला तर वर येता येता दगड निसटतो, म्हणून जाणता गडी डबा चार बोटे रिकामा ठेवतो.

आता पेच. महाराष्ट्राची रोजगार हमी दुष्काळातून जन्मली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या योजनेतून वैयक्तिक विहिरीही होऊ लागल्या. मग 2005 चा केंद्रीय कायदा आला. त्याच्या अनुसूचीने ठेकेदाराला बंदी केली, मजुरी आणि साहित्याचे 60:40 प्रमाण घातले आणि शक्य तिथवर मजुरांचे काम हिरावणारी यंत्रे वापरू नयेत असे सांगितले. ‘शक्य तिथवर’ या दोन शब्दांवर यारी अडकली.

एका बाजूचे म्हणणे असे की हमी कामाची आहे, विहिरीची नाही. यारीने पाटी काढून घेतली आणि पाटीबरोबर बायकांची मजुरीही गेली. ही गोष्ट खरी आहे, आणि यारीच्या बाजूने बोलणारे ती सोयीस्कर विसरतात. यारीवरच्या टोळीत खाली-वर बहुधा पुरुषच असतात.

तरीही माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. चाळीस फुटांवरून पाषाण डोक्यावर आणणे ही हमी द्यावी अशी मजुरी नव्हे. यारी दगड फोडत नाही, डबा भरत नाही; ती फक्त ओझे उचलते. स्वतःच खोदणारे पोकलेन यंत्र आणि यारी यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चुकीचे आहे. बायकांचे काम जाऊ द्यायचे नसेल, तर बांधबंदिस्ती, रोपवाटिका, शेततळी अशी कामे वाढवता येतात. पण निर्णय स्पष्ट न घेतल्याने झाले काय, तर हजेरीपटावर हाताने केलेली खोदाई दिसते आणि प्रत्यक्षात यारीवाल्याचा हिशेब शेतकरी खिशातून चुकता करतो. 2022 मध्ये विहिरीचे अनुदान 4 लाखांपर्यंत नेले, तेव्हा ही ओढाताण कमी झाली, संपली नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान सुरक्षिततेचे होते. यारीचा दोर तुटून मजूर दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 प्रमाणे उचलयंत्रे आणि त्यांचे दोर वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावे लागत. पण शेतातली विहीर कारखान्यात मोडत नाही. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदाही 2025 पर्यंत होता, पण तो दहा किंवा जास्त मजुरांच्या आस्थापनेला लागे आणि यारीची टोळी सहसा त्याहून लहान असते. त्यामुळे दोराच्या फुटलेल्या तारा मोजणे, ग्रीस लावणे, क्लॅम्प आवळणे, ड्रमवर दोन-तीन वेढे कायम शिल्लक ठेवणे हे सारे चालकाच्या शहाणपणावर राहते. आणि डब्यात बसून वर येणारी माणसे अजूनही दिसतात. डबा दगडासाठी आहे, माणसासाठी नाही, हे सांगायला कोणी अधिकारी तिथे नसतो.

अलीकडे वरचा मऊ थर पोकलेन काढतो आणि त्याचा हात पुरेनासा झाला की यारी लागते. नव्या विहिरींपेक्षा जुन्यांचे खोलीकरण आणि गाळ काढणे ही तिची कामे वाढली आहेत. व्यवहार पूर्वीसारखाच फुटावर उक्ता ठरतो, आणि दोर कोणी बदलायचा, हे बोलीत ठरवून घेणारे शेतकरी फार थोडे.